शेवटचा अल्बमच सगळ्यात भारी का निघतो? बीटल्सपासून आमच्या ऑर्केस्ट्रापर्यंत

टिळकवाडी_गिटार

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले बेळगावात पाऊस उघडीप द्यायला तयार नाही. दुकान लवकर बंद करून घरी येतोय आणि माळ्यावरच्या कॅसेटी काढून एकेक पुसून ठेवतोय. त्यात इंग्लंडच्या बीटल्स बँडच्या 'ॲबी रोड' अल्बमची कॅसेट सापडली. विकतची नव्हे. कॅम्पातल्या एका दुकानदारानं रेकॉर्डवरून साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून दिलेली, वर त्याच्याच हातानं निळ्या पेनानं नाव घातलेलं.

त्या कॅसेटची एक गोष्ट सांगतो. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं 'आय वाँट यू', साडेसात मिनिटांच्या वर चालतं. शेवटाला तीच एक गिटारची ओळ परत परत येत राहते, मागं वाऱ्यासारखा घोंगावणारा आवाज चढत जातो, वाटतं आता काहीतरी होणार, आणि मधेच कट. ओळसुद्धा पुरी नाही. त्यानंतर कॅसेटवर पाचेक मिनिटं नुसती सुरसुर. मी कितीतरी वर्षं हेच धरून चाललो होतो की दुकानदार कॉपी मारत होता आणि नेमकी लाइट गेली. त्या काळात लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता, त्यामुळं शंका यायचं कारणच नाही. पुढं एका मित्राच्या घरी सीडीवर ऐकलं तर तिथंही तिथंच कट! जॉन लेननं इंजिनिअरला सांगून टेप मुद्दाम त्या जागी कापायला लावलेली. आणि सीडीवर त्या कटनंतर लगेच, श्वास घ्यायच्या आत, 'हिअर कम्स द सन' सुरू होतं. काळ्या ढगातनं एकदम ऊन पडावं तसं. माझ्या कॅसेटवर बाजू पलटायला लागायची म्हणून ते मला कधी कळलंच नव्हतं.

आता मुद्दा. माझ्या मते त्या चौघांचं (जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो) हे शेवटचं काम आणि हेच सगळ्यात भारी. जरा विचार करा, 1969 च्या जानेवारीत त्यांना एकमेकांची तोंडं बघवत नव्हती. जॉर्ज 10 जानेवारीला उठून निघून गेला, काही दिवसांनी परत आला. मॅनेजर ब्रायन एपस्टाइन 1967 मध्येच वारलेला, म्हणजे घरात समजूत घालायला वडीलधारं कोण नाही. पैशाची, वकिलांची भांडणं. अशा घरातून त्याच वर्षी सप्टेंबरात असलं काम बाहेर पडतं, कसं काय?

मला वाटतं शेवटाला आलं की माणूस आपलंच पुढं दामटायचं थांबवतो आणि शेजारच्याचं ऐकायला लागतो. 'द एंड' ऐका. तिघांचे गिटार सोलो, पॉल मग जॉर्ज मग जॉन, प्रत्येकाला दोन-दोन मापं (ठेक्याची आवर्तनं), अशा तीन फेऱ्या. आळीपाळीनं, कोण कुणाच्या अंगावर चढत नाही. आणि त्याच्या आधी रिंगोचा ड्रम सोलो, बीटल्सच्या रेकॉर्डवरचा त्याचा एकुलता एक, कारण त्याला सोलो आवडायचेच नाहीत.

हे मी नुसतं ऐकून बोलत नाही. नव्वदीत मी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. गणपतीत निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, खानापूर असे कार्यक्रम लागायचे. पुढं मानधनावरनं, नाव कुणाचं वर यावरनं वाजलं आणि मोडायचं ठरलं. ठरल्यानंतरचा शेवटचा कार्यक्रम खानापूरला झाला आणि तसा आम्ही त्याआधी कधीच वाजवला नव्हता.

तुमचं काय म्हणणं? कुठल्या बँडचा शेवटचा अल्बम सगळ्यात भारी, आणि का?

खानापूरचा_पाऊस

लाइट गेली वाचून लई हसलो गा दादा 😂 आमच्यात अजून जाते, कालपासून नाही. फोन 12 टक्के हाय म्हणून एवढंच लिहितो, ॲबी रोड एक नंबर. बाकीचं लाइट आल्यावर.

कॅसेट_संग्राहक

मूळ मुद्द्यातच चूक आहे. बीटल्सचा शेवटचा अल्बम 'लेट इट बी', 8 मे 1970 ला आला. 'ॲबी रोड' 26 सप्टेंबर 1969 चा. शेवटचा नसलेल्या अल्बमवर शेवटचा म्हणून धागा कसा काय चालायचा?

निपाणी_नाना

संग्राहक, तारखा तुमच्या बरोबर आहेत पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. 'लेट इट बी'तलं बहुतेक काम 1969 च्या जानेवारीतलं, म्हणजे ॲबी रोडच्या आधीचं. ते तसंच पडून राहिलं, मागनं फिल स्पेक्टर नावाच्या निर्मात्याकडं दिलं, त्यानं त्यावर व्हायोलिनं-कोरस चढवले, पॉल त्यावरनं चांगलाच चिडला आणि मग ते बाजारात आलं. पत्रिका आधी छापली आणि वाटायची राहून गेली, लग्न झाल्यावर पोचली, असं ते झालं. 1970 च्या 3 जानेवारीला 'आय मी माइन' करायला जमले तेव्हा तिघंच होते, जॉन नव्हता.

चौघं मिळून स्टुडिओत शेवटचे कधी होते तर 20 ऑगस्ट 1969. आणि त्या दिवशी काम कशावर चाललं होतं माहिताय? गिटारदादांच्या त्याच 'आय वाँट यू'वर. तो कट त्याच गाण्यातला. मला हे कळलं त्या दिवसापासून तो कट ऐकताना पोटात खड्डा पडतो.

टिळकवाडी_गिटार

नाना, हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. आता ते गाणं परत ऐकणं आलं.

आणि संग्राहक, म्हणूनच मी "चौघांचं शेवटचं काम" असं लिहिलं होतं.

शहापूर_तबला

मी विरोधात. शेवटचं म्हटलं की सगळ्यांना गहिवर येतो. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल कोण वाईट बोलत नाही, तसंच बँडचं. हाच अल्बम 1965 ला आला असता आणि पुढं दहा निघाले असते तर तुम्ही म्हणाला असता चांगला आहे, पण मधलं ते हातोडीवालं गाणं, 'मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर', जरा लांबलंय. खरं तर त्या हातोडीच्या गाण्याला बाकीचे तिघं करताना वैतागले होते.

आणि "एकमेकांचं ऐकतात" हे तर अजिबात पटत नाही. 'हिअर कम्स द सन'मध्ये जॉन लेनन आहे कुठं? नाहीच. जुलैत त्याचा गाडीचा अपघात झाला होता, तो नसताना ते गाणं सुरू झालं आणि त्याच्याशिवायच पुरं झालं. दुसऱ्या बाजूला सलग जोडलेली गाणी आहेत ती त्याला पसंत नव्हती. त्याचं म्हणणं माझी गाणी एका बाजूला घाला, पॉलची दुसऱ्या बाजूला. ही काय ऐकून घेणाऱ्या माणसाची भाषा झाली? वाटणी झाली ती, मधे भिंत घालून.

गाणं मात्र सोन्यासारखं आहे, ते मान्य. जॉर्ज रविशंकरांकडं बसलेला माणूस, ते दिसतं. मधल्या भागात जिथं 'सन, सन, सन' येतं तिथं मोजून बघा, साधा चारचा ठेका मोडतो, तीन-तीनचे तुकडे पडायला लागतात आणि फिरून बरोबर जागेवर येऊन उतरतात. आमच्या क्लासच्या पोरांना मी तिहाई म्हणजे काय ते एकदा याच गाण्यावर टाळ्या द्यायला लावून शिकवलंय. पोरं पहिल्यांदा सगळी चुकली, रिंगो चुकत नाही.

तुमच्या ऑर्केस्ट्राबद्दल एकच विचारतो. त्या शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे काय? असलं तर आदल्या वर्षीचं एखादं काढा, दोन्ही एकापाठोपाठ ऐका आणि मग छातीवर हात ठेवून सांगा कुठलं चांगलं ते. आठवणीवर जाऊ नका.

टिळकवाडी_गिटार

आहे. दोन्ही आहेत, निपाणीचं आदल्या वर्षीचं आणि खानापूरचं. मिक्सरवरनं थेट डेकला वायर लावून केलेलं, म्हणजे टाळ्या कमी आणि वाजवणं स्पष्ट. पण डेक चालत नाही, आवाज रडल्यासारखा येतो. करतो काहीतरी.

कॅसेट_संग्राहक

बेल्ट सैल झालाय. आतला रबराचा पट्टा वर्षांनी एकतर ताणतो नाहीतर वितळून डांबर होतो. तसाच चालवू नका, कॅसेट ओढून घेईल आणि फीत गुंडाळून बसेल. आधी पट्टा बदला, मग स्पिरिटनं हेड आणि तो काळा रोलर कापसानं पुसा. कॅसेट घालायच्या आधी पेन्सिल घालून एकदा पुढं-मागं पुरी फिरवा, जुन्या फिती एकमेकींना चिकटलेल्या असतात. पट्टा माझ्याकडं दोन-तीन मापाचे आहेत. तुम्ही टिळकवाडी, मी अनगोळ. डेकचं मॉडेल कळवा.

टिळकवाडी_गिटार

लई उपकार होतील. मेसेज केलाय बघा.

गाणारी_सुनंदा

बीटल्सवरच चाललंय सगळं, मी क्वीन बँडबद्दल लिहिते. 'इन्युएंडो', फेब्रुवारी 1991. त्यानंतर 1995 ला 'मेड इन हेवन' आला पण तो त्यांचा गायक फ्रेडी गेल्यावर बाकीच्यांनी जुळवलेला, म्हणून मी इन्युएंडोच शेवटचा धरते.

फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला हे बऱ्याच जणांना माहीत असेल. शाळेतच त्यानं पोरांचा बँड काढला होता, तिथं तो पियानो वाजवायचा. लहानपणी शाळेच्या सहलीला पाचगणीला गेलो होतो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं, आम्ही आपलं टेबललँडवर घोडे बघून आणि स्ट्रॉबेरी खाऊन परत आलो. आज त्या रस्त्यानं गेलं की गाडी हळू करायला सांगते.

इन्युएंडोच्या वेळी तो फार आजारी होता. बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं, बँडला माहीत होतं. 'द शो मस्ट गो ऑन' इतक्या वरच्या पट्टीत आहे की बँडचा गिटारवाला ब्रायन मे याला वाटलं, फ्रेडीला आता हे झेपणार नाही. फ्रेडीनं व्होडकाचा घोट मारला आणि आत जाऊन गाऊन आला. मी गाणं शिकवते, श्वास म्हणजे काय चीज आहे ते मला माहीत आहे. सर्दी झाली तरी तार सप्तकात आवाज फाटतो. त्या माणसाला नीट उभं राहवत नव्हतं म्हणतात, आणि त्या गाण्यात एक स्वर खाली पडलेला सापडत नाही. नोव्हेंबरच्या 23 तारखेला त्यानं आजार जाहीर केला, दुसऱ्या दिवशी गेला.

पण तबलादादांच्या प्रश्नाला माझं उत्तर गहिवराचं नाही. क्वीननं 1989 च्या 'द मिरॅकल'पासून ठरवलं की गाणं कुणी का लिहिलेलं असेना, खाली नाव चौघांचं, क्वीन. त्याआधी कुठलं गाणं घ्यायचं, कुणाचं नाव, कुणाला किती पैसे, यावरनं कटकटी व्हायच्या. नावाचं भांडण गेलं की गाण्याला जे लागतंय ते करता येतं. गिटारदादांचा ऑर्केस्ट्रा नावावरनंच मोडला ना? मोडायचं ठरल्यावर नावाचा प्रश्नच उरला नाही. म्हणून खानापूरला चांगलं वाजलं असणार.

निपाणी_नाना

सुनंदाताई, नावाचा मुद्दा लाखमोलाचा. आमच्या भजनी मंडळात पखवाज कुणी घ्यायचा यावरनं दोन भाऊ वर्षभर बोलत नव्हते.

कडोलीकर

मला हे "भांडण मिटलं, सगळे समान झाले की संगीत चांगलं होतं" पटत नाही. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल घ्या. एकटा जॉन फॉगर्टी सगळं लिहायचा, गायचा, बाकीचे कुरकुरायचे. सख्खा भाऊ टॉम बँड सोडून गेला. उरले तिघं. मग ठरलं की आता सगळ्यांनी सारखं, ज्यानं त्यानं आपली लिहायची आणि आपणच गायची. तो 'मार्डी ग्रा', 1972. त्यांचा शेवटचा आणि सगळ्यात पडेल. लोकांनी धू-धू धुतला, त्याच वर्षी बँड बंद.

म्हणजे नुसतं वाटून दिलं म्हणून होत नाही. ज्याच्या हातात दिलं त्याच्याकडं काहीतरी पाहिजे. जॉर्ज हॅरिसनकडं तेव्हा गाण्यांचा साठा पडलेला होता, वर्षानुवर्षं अल्बममध्ये एक-दोन जागा मिळायच्या. ॲबी रोडला मिळाल्या त्याही दोनच, पण 'समथिंग' आणि 'हिअर कम्स द सन'. दुसरं तर कंपनीच्या मिटिंगला दांडी मारून एरिक क्लॅप्टनच्या बागेत गिटार घेऊन फिरताना सुचलेलं. क्रीडन्सच्या बाकीच्या दोघांकडं असा साठा नव्हता. वाईट वाटतं, पण तसं आहे.

अजून एक, द क्लॅशचा शेवटचा 1985 चा. त्यांच्यावर जीव असलेली माणसंसुद्धा त्याचं नाव काढत नाहीत. असे शेवटचे आपण विसरतो आणि चांगले निघाले तेवढे मोजतो.

शहापूर_तबला

कडोलीकर 👏 हेच म्हणत होतो मी. शेतात दहा विहिरी पाडल्या, दोघींना पाणी लागलं, आणि गावभर सांगत सुटायचं की शेवटचा सुरुंग लागला की पाणी लागतंच.

टिळकवाडी_गिटार

दोघांचंही ऐकतोय. क्रीडन्सचं उदाहरण जड आहे, सहज बाजूला सारता येत नाही. पण तबलादादा, 'बिकॉज' ऐकलंय ना? ज्या तिघांच्या मधे तुम्ही भिंत म्हणता ते तिघं एकत्र गायलेत. तीन आवाज, तेच परत दोनदा वरनं, म्हणजे कानाला नऊ आवाज. अशा गायनात एकाची गळ्यातली हरकत जरी जास्त झाली तरी चाललं नसतं. तासन्‌तास बसून केलंय ते. भिंत असती तर हे होईल काय?

शहापूर_तबला

ते गाणं चांगलं आहे. त्यावर मी बोलत नाही 🙏

धारवाड_मार्गे

नमस्कार री सगळ्यांना. बँडचं मला फार कळत नाही पण शेवटच्या कामाचं बोलताय म्हणून आलो. आमच्या गायक मल्लिकार्जुनअण्णा मन्सूरांचं बघा की. मन्सूर ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतलेले, मग मंजी खाँ, भूर्जी खाँ यांच्याकडं जयपूर-अत्रौलीची गायकी घेतली, आणि देशभर खरं नाव झालं ते साठी जवळ आल्यावर. ज्या वयात लोक पेन्शनचे कागद गोळा करतात त्या वयात हा माणूस रागामागनं राग मांडत सुटला. 1992 ला गेले तोपर्यंत आवाज बारीक झाला असेल, गाणं नाही. कुमार गंधर्वांचं तर तुम्ही बेळगावकर मला सांगाल, सुळेभावीचे की वो ते, तुमच्याच जिल्ह्यातले. क्षयानं आजारी पडून वर्षानुवर्षं गाणं बंद होतं, एक फुप्फुस गेल्यासारखं, आणि नंतर जे गायले ते आधीच्या कुमारांपेक्षा वेगळंच.

म्हणजे आमच्याकडं शेवटचं चांगलं असणं ही रीतच आहे की. तुमच्या बँडांचंच असं का की वीस-पंचविसाव्या वर्षी डोंगर चढायचा आणि तिशीत संपायचं?

शहापूर_तबला

अण्णा नमस्कार. हे सगळं खरं आहे पण ते एकट्याचं गाणं झालं. गायक म्हातारा होतो तसं त्याचं गाणं पिकतं. बँडचं तसं नाही, बँड म्हणजे चार जणांनी एका खोलीत काढलेला संसार. ॲबी रोड झाला तेव्हा त्यातला कोणीही तिशी ओलांडलेला नव्हता.

निपाणी_नाना

आणि संसाराचंच म्हणाल तर स्वीडनचा आबा (ABBA) बँड घ्या. नवरा-बायकोच्या दोन जोड्या, दोन्ही मोडल्या, आणि तरी 1981 च्या नोव्हेंबरात 'द व्हिजिटर्स' काढला. माजी नवऱ्यानं लिहिलेलं आणि माजी बायकोनं गायलेलं. तो ऐकला की कळतं. आधीचं नाचायचं संगीत कुठं, आणि ही शांतता कुठं. माझ्या मते त्यांचा सगळ्यात चांगला तोच.

कॅसेट_संग्राहक

पण तो शेवटचा नाही. 2021 ला 'व्हॉयेज' आला, चाळीस वर्षांनी.

निपाणी_नाना

तुम्ही तारखा घेऊन दारातच बसलेले असता 😄 चाळीस वर्षं तो शेवटचाच होता की. तोपर्यंत ज्यांनी ऐकला त्यांनी शेवटचा म्हणूनच ऐकला.

खानापूरचा_पाऊस

फोन बाजारात एका दुकानात चार्जिंगला लावून लिहितोय, घरात लाइट अजून नाही. जंगलात कुठंतरी झाड पडलंय म्हणे तारेवर.

मला डोअर्स बँडबद्दल बोलायचं होतं. 'एल. ए. वुमन', एप्रिल 1971. त्यांचा गायक जिम मॉरिसन जुलैच्या 3 तारखेला पॅरिसमध्ये गेला, 27 वर्षांचा. नंतर बाकीच्या तिघांनी त्याच्याशिवाय अल्बम काढले, संग्राहककाका लिहायच्या आत मीच लिहून टाकतो.

हा अल्बम कसा केला माहिताय काय, त्यांचा कायमचा निर्माता पॉल रॉथचाइल्ड मधेच सोडून गेला. मग त्यांनी इंजिनिअर ब्रूस बॉटनिकला धरलं आणि मोठ्या स्टुडिओत न जाता स्वतःच्या तालमीच्या जागेतच यंत्रं आणून बसवली. गायला वेगळी खोली नव्हती तर मॉरिसन बाथरूमच्या दारात उभा राहून गायला. तिथं आवाज चांगला घुमतो ना. बास वाजवायला एल्विस प्रेस्लीच्या बँडचा माणूस आणला, जेरी शेफ. आणि बरंचसं सगळ्यांनी एकत्र बसून एका दमात वाजवलेलं. मला वाटतं हेच कारण, मोठ्या स्टुडिओचा थाट गेला, सांगणारा माणूस गेला, आता चुकलं तर चुकलं म्हणून बसले आणि मोकळं वाजवलं.

शेवटचं गाणं 'रायडर्स ऑन द स्टॉर्म'. ते खऱ्या पावसाच्या आवाजानं सुरू होतं, मग कीबोर्डचे थेंब पडायला लागतात. मॉरिसननं ते आधी गायलं, आणि त्यावर परत तेच शब्द कुजबुजत म्हणून घेतलेत. हेडफोन लावून नीट ऐकलं तर एका माणसाच्या मागं तोच माणूस चाललाय असं वाटतं. परवा रात्री लाइट गेल्यावर अंधारात पत्र्यावर आमचा पाऊस आणि कानात त्यांचा पाऊस असं ऐकलं. गाणं संपलं तरी पाऊस थांबेना, तेव्हा मला कळेना गाण्यातला चालू आहे की आमचा.

गाणारी_सुनंदा

किती छान लिहिलंस रे. आज रात्री ऐकते.

तिसरं_गेट

मी सगळं वाचून काढलं, लिहिणार नव्हतो. फक्त एक, माझ्या कॉपीवाल्या कॅसेटवर 'द एंड' संपलं की दुकानदारानं रेकॉर्डिंग बंद केलेलं होतं. त्यामुळं त्यानंतर थोडी शांतता जाऊन 23 सेकंदांचं 'हर मॅजेस्टी' येतं हे मला सीडी घेईपर्यंत माहीत नव्हतं. ते खरं तर मधल्या गाण्यांच्या साखळीतलं. पॉलनं काढून टाकायला सांगितलं. पण स्टुडिओतल्या पोराला सक्त सूचना होती की बीटल्सचं काहीही फेकायचं नाही, म्हणून त्यानं तो तुकडा टेपच्या शेवटाला नेऊन चिकटवला. पॉलला ते तसंच आवडलं. त्यामुळं सुरुवातीला आदल्या गाण्याचा सूर धाडकन वाजतो आणि शेवटचा सूर वाजतच नाही, तो पुढच्या गाण्यात राहून गेला. माझी आई कापलेला कपडा कधी फेकत नसे, चिंधी म्हणून गाठोड्यात ठेवायची, पुढं कधीतरी ठिगळाला लागेल म्हणून. मला ते गाणं ऐकताना आईचं गाठोडं आठवतं.

टिळकवाडी_गिटार

मंडळी, डेक चालू झाला. संग्राहक काल पावसातनं गाडीवर आले, पट्टा घातला, हेड पुसलं, चहा घेऊन गेले. जाताना कुंदा दिला तर नको म्हणत होते, मग डबा घेतला.

दोन्ही कॅसेटी ऐकल्या, हातात वही घेऊन. तबलादादांनी सांगितल्याप्रमाणं एकापाठोपाठ. जे आहे ते लिहितो.

निपाणीचं स्वच्छ आहे. सूर पक्का, लय पक्की, कीबोर्डवाला तर इतका सफाईनं वाजवतोय की मलाच विश्वास बसेना. खानापूरचं तसं नाही. दुसऱ्याच गाण्यात लय पळते, माझी एक तार मधेच उतरलेली ऐकू येते, आणि ती तशीच उतरलेली राहते गाणं संपेपर्यंत. वाजवण्याचे मार्क द्यायचे तर निपाणीला जास्त. म्हणजे तबलादादा, एवढ्यापुरतं तुमचं खरं.

पण दोन्हीकडं एक गाणं तेच आहे, जुनं हिंदी गाणं, आमच्या गायिकेचं आवडतं. त्याचा दुसरा अंतरा उचलायला तिला कायम उशीर व्हायचा. निपाणीत तसंच झालं, ती अंतऱ्याला आली नाही, आणि आम्ही कुणीच थांबलो नाही. सरळ पुढं वाजवत गेलो, आणि तिनं अंतरा सोडून मुखडाच धरला. अख्खा अंतरा गेला. त्या रात्री हे घडलं ते मला आजपर्यंत माहीत नव्हतं. मी त्याच वेळेला गिटारवर एक मोठी हरकत घेत होतो, टेपवर ती चांगली मोठ्यानं आलीय.

खानापुरात ती परत त्याच जागी चुकली. आणि इथं ड्रमवाल्यानं हात हलका केला, नुसती झांज चालू ठेवली. बासवाला दोन सुरांवर फिरत राहिला. कीबोर्डवाल्यानं अंतऱ्याची पहिली ओळ हळू एकदा वाजवून दाखवली, तिला आठवावी म्हणून, आणि ती आली नाही म्हणून परत एकदा वाजवली. तोच माणूस, ज्याच्याशी तिचं आठ दिवस आधी कडाक्याचं भांडण झालं होतं. मी मोजलं, आठ मापं सगळे तिच्यासाठी थांबलेत. मी त्या आठ मापांत काहीच वाजवत नाहीये. मग ती आली, आणि काय आली!

मी ती जागा काल रात्री सहा-सात वेळा मागं नेऊन ऐकली. बायको म्हणाली फीत झिजेल, आता पुरे.

शहापूर_तबला

दादा, हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो.

चुकीची जागा दोन्हीकडं तीच, गायिका तीच, माणसं तीच. मी म्हणत होतो की शेवटचं म्हणून आपल्याला तसं ऐकू येतं. इथं टेपवर वेगळं वाजलंय, ते मी नाकारत नाही. लय पळाली त्याला मी भारी म्हणणार नाही, पण आठ मापं झांजेवर धरून ठेवणं हे ठेका धरणाऱ्याला किती अवघड असतं ते मला माहीत आहे. हात शिवशिवतात. कोण होते ते ड्रमवाले, आता कुठं असतात?

टिळकवाडी_गिटार

गोव्यात, म्हापशाला. अजून वाजवतो, चर्चच्या लग्नांत. त्याला फोन केला होता काल. त्याला ती रात्र आठवते, ती जागा आठवत नाही. म्हणाला कॅसेट घेऊन ये.

कॅसेट_संग्राहक

कॅसेट घेऊन कुठंही जाऊ नका. एकच प्रत आहे. आधी संगणकावर उतरवून घेऊ, मी रविवारी वायर आणि लॅपटॉप घेऊन येतो. एका बैठकीत पुरं होईल, मधे थांबवायला लागायला नको, म्हणून सकाळी लवकर. लाइटीचा भरवसा नाही तर इन्व्हर्टर असलेल्या कुणाच्या घरी करू.

गाणारी_सुनंदा

माझ्याकडं इन्व्हर्टर आहे. वडगावात. सगळेच या. धारवाडचे अण्णा पण या, बस आहे की भरपूर. पोहे करते.

शहापूर_तबला

मी येतो. मला ती आठ मापं ऐकायचीत.

निपाणी_नाना

निपाणीची कॅसेटही आणा. तो कार्यक्रम आमच्याच चौकात झाला असणार, मी नक्की समोर बसलेलो असणार आणि टाळ्याही वाजवल्या असणार.

खानापूरचा_पाऊस

लाइट आली! ॲबी रोड लावतोय, दुसरी बाजू.